दवाखाना कुठाय?

आई कुठल्याही नव्या गावाला गेली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. देऊळ कुठे, बाजार कधी, पाणी कुठल्या धरणाचं, हे सगळं नंतर. आधी, "दवाखाना कुठाय?" सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात तिनं तेहतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली. गावोगावी ती 'नर्सबाई' होती, तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. २०१३ साली ती निवृत्त झाली, पण तो प्रश्न काही निवृत्त झाला नाही.

२०२३ च्या एप्रिलअखेर ती आमच्याकडे सनीव्हेलला आली. विमानतळावरून १०१ नं येताना मी हौसेनं तिला मॉफेट फील्डचा तो अवाढव्य हँगर दाखवला. १९३३ चा, आरमाराच्या हवाई जहाजासाठी बांधलेला. त्याचं जुनं कवच काढलेलं होतं, नुसता सांगाडा आणि अंगाखांद्यावर परात्या. आईनं मान वळवून बघितलं, "बराच मोठा आहे" म्हणाली, आणि मग विचारलं, "तुमच्या गावात दवाखाना कुठाय?"

खरं सांगायचं तर मला लगेच उत्तर देता आलं नाही. दातांचे, डोळ्यांचे, पाठीचे, कुत्र्या-मांजरांचे दवाखाने एल कॅमिनोवर ओळीनं आहेत. मोठमोठ्या वैद्यकीय गटांची कार्यालयं आहेत. पण खाटा असलेलं, रात्री-अपरात्री दार उघडं असलेलं मोठं रुग्णालय म्हटलं की आपण सनीव्हेलकर एक तर माउंटन व्ह्यूला जातो, नाही तर सँटा क्लाराला.

"वस्ती किती?"

"दीड लाखाच्या वर."

"आणि एकही नाही? आमच्याकडं डोंगरी भागात तीन हजाराला उपकेंद्र, वीस हजाराला प्राथमिक आरोग्य केंद्र."

"कागदावर," मी म्हटलं.

ती गप्प बसली. मी जीभ चावली. मामाची आठवण तिच्यापुढे काढायची नाही असं आम्हा भावंडांचं ठरलेलं होतं, आणि मी ती गाडीत बसल्या बसल्या काढली होती.

मामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०१८ च्या पावसाळ्यात रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं. पहिल्या ठिकाणी डॉक्टर मुक्कामी नव्हते. दुसऱ्या ठिकाणी ईसीजीचं मशीन होतं, पण ते चालवणारा माणूस सकाळी यायचा होता. १०८ ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. तिसऱ्या ठिकाणी चिठ्ठी लिहून मिळाली, "पुढं न्या." जीपमध्ये मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून मामा गेला. आयुष्यभर जिनं लोकांना "भगताकडं जाऊ नका, सरकारी दवाखान्यात चला" म्हणून हाताला धरून नेलं, तिच्याच भावाला सरकारी दवाखान्यांनी एकेक करून पुढं ढकललं. आई त्यावर कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "मी असताना असं नव्हतं." ते तरी खरं होतं का, मला माहीत नाही.

पहिले दोन महिने सनीव्हेल तिला आवडलं. सकाळी चालायला आम्ही दोघी जायचो. कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूवरची ती पाण्याची टाकी, फ्रूट कॉकटेलच्या डब्यासारखी रंगवलेली, तिला भारी गमतीची वाटली. इथे एके काळी फळं डबाबंद करण्याचा प्रचंड कारखाना होता आणि त्यात शेकडो बायका काम करायच्या, हे सांगितल्यावर तिनं विचारलं, "त्यांची पोरं कोण सांभाळायचं?" रेमिंग्टन ड्राइव्हवर कम्युनिटी सेंटरच्या मागे जुन्या बागेचा एक तुकडा शहरानं जपून ठेवला आहे, जर्दाळूंचा. चिप्सच्या कंपन्या येण्याआधी हे सगळं खोरं असं होतं म्हणे. तिथल्या बाकावर बसून ती घरी फोन लावायची.

एक गोष्ट मात्र तिनंच मला समजावून घ्यायला लावली. अग्निशमन केंद्रासमोरून जाताना तिनं विचारलं, हे फक्त आग विझवतात का? मी घरी येऊन वाचलं. १९५० पासून सनीव्हेलमध्ये पोलीस, अग्निशमन आणि तातडीचे प्रथमोपचार यांचं एकच 'पब्लिक सेफ्टी' खातं आहे, आणि अधिकाऱ्यांना तिन्ही कामांचं प्रशिक्षण असतं. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. आई खूश झाली. "म्हणजे आमच्यासारखंच. पोलिओही आम्हीच, कुटुंबनियोजनही आम्हीच, साथ आली की घरोघर फिरायचंही आम्हीच."

आणि मग तिला तिचा दवाखाना सापडला. फेअर ओक्स अ‍ॅव्हेन्यूवर काउंटीचं व्हॅली हेल्थ सेंटर आहे. त्याच्यासमोरून मी हजार वेळा गाडी हाकली असेन. आईनं बसथांब्याकडे जाणाऱ्या बायका बघितल्या, कडेवर पोरं, हातात लसीकरणाची पिवळी कार्डं, आणि ती थांबली. "हे सरकारी दिसतंय," म्हणाली. कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणे, "गर्दीवरून." थांब्यावरच्या एका बाईच्या तान्ह्याकडे बघून तिनं बोटांनी विचारलं, किती महिने? त्या बाईनं स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. आईनं मराठीत सांगितलं की बाळ छान आहे, अंगावरचं दूध चालू ठेव. दोघींचं व्यवस्थित जमलं.

मी मग तिला जमेल तेवढी माहिती दिली. काउंटीचं मोठं रुग्णालय सॅन होजेत आहे, १८७६ पासूनचं. डाउनटाउन सॅन होजेतलं खाजगी रुग्णालय २००४ मध्ये मालकांनी बंद केलं, शहराच्या मध्यात पोकळी झाली. पुढे २०१९ मध्ये दिवाळं निघालेल्या एका संस्थेची दोन रुग्णालयं काउंटीनं चक्क विकत घेतली, एक सॅन होजेतलं आणि एक गिलरॉयचं, नाहीतर तीही गेली असती.

"सरकारनं खाजगी विकत घेतलं?" तिनं दोनदा विचारलं. "आमच्याकडं उलटं चाललंय."

आता मे महिन्यातल्या एका शनिवारबद्दल. आमच्याकडे जेवायला मंडळी होती. तुम्हीही अशा बैठकीत बसला असाल. जेवण झाल्यावर लहानपणी जशा भुताच्या गोष्टी रंगायच्या, तशा आपल्याकडे बिलांच्या गोष्टी रंगतात. कोणाला चार टाक्यांचं किती आलं, कोणाच्या सासऱ्यांची एक रात्र कितीला पडली, अँब्युलन्स बोलावण्यापेक्षा उबर कशी परवडते. आपण हसतो. डॉलरचे आकडे आपल्याला ऐकायची सवय आहे. आई आतबाहेर करत होती, पुरणपोळ्या वाढत होती. ती सगळं ऐकत होती, आणि प्रत्येक आकड्याला ऐंशीनं गुणत होती.

जुलैतल्या एका शुक्रवारी ती म्हणाली, "जरा पित्त झालंय." तिला मधुमेह आहे, बीपीची गोळी आहे. मी माझ्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन केला. नवीन पेशंटसाठी पुढची वेळ पाच आठवड्यांनी होती. पाच आठवडे! आई म्हणाली, "असू दे, गोळी घेतलीय." रविवारी संध्याकाळी तिचा चेहरा बरा वाटेना. तोवर अर्जंट केअर बंद झालेलं. मी तिला गाडीत घातलं आणि एका रुग्णालयाच्या इमर्जन्सीसमोर जाऊन गाडी लावली.

ती उतरेना. दाराकडे बघत म्हणाली, "आत गेल्यावर किती होतील?"

मी म्हटलं, "आई, ते कळत नाही आधी."

"असं कसं? आपल्याकडं केसपेपर किती रुपयांचा ते भिंतीवर लिहिलेलं असतं."

"इथे नाही कळत."

"मग नको. जळजळ आहे नुसती. उद्या बघू."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तिला ओढून आत न्यायला हवं होतं. मी तसं केलं नाही. तिच्या विम्याची पॉलिसी मी स्वस्त बघून घेतली होती, आणि आतमध्ये काय निघेल याची मलाही भीती वाटत होती. ती "नको" म्हणाली तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. मी गाडी मागे घेतली.

पहाटे साडेचारला ती बाथरूममध्ये घामानं निथळत बसलेली सापडली. ९११ लावला. बंब आधी आला, मागोमाग अँब्युलन्स. घड्याळ मी बघितलं नाही, पण फोन खाली ठेवून चपला शोधेपर्यंत माणसं दारात होती. तिला उचलून नेताना ती त्या अधिकाऱ्याला मराठीत म्हणाली, "तुम्ही तिन्ही खात्यांचे ना?"

आत गेल्यावर सगळं झपाट्यानं झालं. ईसीजी, रक्त, सलाईन. हृदयविकाराचा झटका होता. आणि त्यानंतर खाट रिकामी नाही म्हणून आई कित्येक तास कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर. येणारे-जाणारे तिच्या पायाला घासून जात होते. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "आपल्या सिव्हिलसारखंच आहे की. चादर तेवढी स्वच्छ आहे."

दुभाषी देणं इथे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. मी होते, तरी डॉक्टरांनी घरच्यांवर न सोडता फोनवर मराठी दुभाषी बोलावली. दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात बसलेली बाई, बोलण्यात नागपूरकडची झाक. तिनं विचारलं, "काकू, दुखणं केव्हापासून आहे?" आई पटकन म्हणाली, "शुक्रवार दुपारपासून. डाव्या हातात कळ आणि जबडा जड. शनिवारी दोनदा घाम आला." मी तिच्या शेजारी उभी होते. मला तिनं तीन दिवस पित्त सांगितलं होतं. आणि तिला कळलेलं होतं. मधुमेही बाईला झटका येतो तेव्हा तो पित्तासारखा दिसतो, हे तिनं किती जणींना शिकवलं असेल.

स्टेंट पडला. ती वाचली. तिसऱ्या दिवशी खिडकीशी बसून आम्ही बोललो तेव्हा मी खूप चिडले, रडले. ती शांतपणे म्हणाली, "आम्हाला ट्रेनिंगला तीन उशीर शिकवायचे. बाळंतीण कशानं दगावते? पहिला उशीर घरातला, जायचं की नाही ठरवण्याचा. दुसरा रस्त्यातला. तिसरा दवाखान्यात पोचल्यावरचा. तुझ्या मामाला दुसरा आणि तिसरा उशीर नडला. माझा पहिला होता. तो मी केला."

"मीही केला," मी म्हटलं. तिनं नाही म्हटलं नाही.

मी त्यावर बराच विचार केला आहे. इथे रस्ता आहे, बंब आहे, डॉक्टर जागेवर आहे. १९८६ चा कायदा आहे, की इमर्जन्सीत आलेल्या कोणालाही, पैसे असोत-नसोत, तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येत नाही. पण बिल येणार नाही असं तो कायदा म्हणत नाही. तिकडे दारात बिलाची भीती नसते, तर दाराआड डॉक्टर असेल याची खात्री नसते. माणूस दोन्हीकडे उंबऱ्यापाशी अडतो.

बिलाचा पहिला आकडा सहा आकडी होता, डॉलरमध्ये. आईला स्टेंटची किंमत तोंडपाठ. २०१७ च्या फेब्रुवारीत भारत सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटला तीस हजार रुपयांच्या आत. ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "तारच ती. सोन्याची घातली का?" बंबाचं बिल आलं नाही, अँब्युलन्सचं आलं. विमा कंपनीनं कळवलं, मधुमेह आधीपासून होता, तेव्हा हे आमच्यात बसत नाही.

शेवटी मार्ग सापडला तो रुग्णालयातल्याच एका कर्मचारी बाईमुळे. तिनं एक अर्ज हातात दिला. कॅलिफोर्नियात २००६ साली झालेल्या कायद्यानुसार रुग्णालयांना विमा नसलेल्या किंवा खर्चाखाली दबलेल्या पेशंटसाठी सवलतीची योजना ठेवावीच लागते. २०२२ पासून त्याची उत्पन्नमर्यादा केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या चौपट आहे. आणि उत्पन्न मोजताना प्रौढ पेशंटचं कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अवलंबून असलेली लहान मुलं. कमावती लेक त्यात धरत नाहीत. आईचं उत्पन्न म्हणजे तिचं पेन्शन.

मला वाटलं, सुटलो. आई मात्र सही करेना. "मी गरीब आहे असं लिहून द्यायचं?"

"आई, तू तेहतीस वर्षं लोकांना फुकटच औषध दिलंस ना?"

"ते फुकट नव्हतं. ते त्यांचं होतं. कोणाकडं दाखला मागितला नाही मी. खोकला आहे, घे गोळी." थोड्या वेळानं म्हणाली, "दे इकडं." आणि नर्सबाईच्या त्या गोल, सुबक अक्षरात सही केली. बिल पुष्कळ खाली आलं. उरलेलं आम्ही हप्त्यांनी फेडलं.

बरी होताना ती दुपारी फोनवर बातम्या वाचायची. ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत अठरा मृत्यू झाल्याची बातमी आली. त्याच आठवड्यात १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात सरकारी आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. "केसपेपरचे पैसे कधी अडले नव्हते कोणाचे," ती म्हणाली, "माणसं द्या म्हणावं. नर्स द्या." ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडची बातमी आली. चोवीस तासांत चोवीस जण, त्यात बारा अर्भकं. त्या दिवशी ती चालायला आली, पण जर्दाळूच्या बागेतल्या बाकावर तासभर काही न बोलता बसून राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "त्या वॉर्डात ड्युटीला किती जणी होत्या, ते कोणी छापलं नाही."

दिवाळीआधी ती परत गेली. जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच फेअर ओक्सपर्यंत चालून आली, मला न सांगता. मी विचारलं कशाला, तर म्हणे, "बघून आले."

हे सगळं मंडळाच्या अंकात लिहू नकोस असं नवरा म्हणत होता. पण दर उन्हाळ्यात आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील येतात, म्हणून लिहिलं. पॉलिसी घेताना नुसता हप्ता बघू नका. ठरावीक रक्कम देऊन हात झटकणारी कुठली आणि खर्चाच्या प्रमाणात देणारी कुठली, ते विचारा. आधीच्या आजारांबद्दलचं बारीक अक्षर वाचा. बिल आलं तर लगेच भरू नका, तपशीलवार मागा, आणि सवलतीच्या अर्जाबद्दल स्वतःहून विचारा. ते आपणहून सांगतीलच असं नाही. आणि त्यांच्यादेखत बिलांच्या गोष्टी सांगू नका.

आमच्या फ्रिजवर अजून आईनं लिहिलेला कागद आहे. मधल्या काळात गॅसचं, शाळेचं कितीतरी काय काय त्याच्यावर चिकटलं, पण तो काढला नाही. वर मोठ्या आकड्यांत ९११. खाली देवनागरीत इंग्रजी: 'माय नेम', 'चेस्ट पेन', 'डायबेटिस', मग घराचा पत्ता, मग गोळ्यांची नावं आणि वेळा. सगळ्यात शेवटी, लाल पेनानं अधोरेखित केलेल्या दोन ओळी आहेत.

किती पैसे लागतील हे आईनं विचारू नये.
मुलीनं गाडी मागे घेऊ नये.